मधल्या खोलीतला दगड

४ जानेवारी

तुझ्या बापाने मधल्या खोलीत तीन दगडी पाट्या आणून ठेवल्यात. एकेक घराच्या दाराएवढी. खाली लाकडाचा सांगाडा आणि त्याला सहा पाय. ह्याला म्हणे पूल टेबल म्हणतात. काठीने गोळे ढकलायचे आणि भोकात पाडायचे. साठीला टेकलेला माणूस गुडघ्याला लावायचं तेल आणतो, हा गोळे ढकलायला टेबल आणतो, आणि तेही कोणीतरी टाकून दिलेलं. ठेवलं कुठे, तर माझी खोली आणि बाहेरचं दार यांच्या बरोबर मध्ये. भिंत आणि टेबल यांच्यातून तो अंग चोरून जातो. मी जाऊ शकत नाही. माझा वॉकर अडकतो.

चि. टिचबटणास आजीचे आशीर्वाद. आता सविस्तर लिहिते.

नोव्हेंबरात टपरीवरून येताना फुटपाथच्या कडेवर मी पडले आणि खुब्यात मोडलं, ते तुला ठाऊक आहे. डॉक्टरने आत खिळे ठोकले, हातात वॉकर दिला आणि म्हणाला, आजी, आता हळूहळू चालायला लागा. मी लागले. स्वयंपाकघरापर्यंत जायचे, मोरीपर्यंत जायचे, पुढच्या आठवड्यात दाराबाहेर निघायचं ठरवलं होतं. दोन जिने आहेत, ते एक-एक पायरी करत माझी मी बघितले असते. तेवढ्यात हे सहा पायांचं जनावर आलं.

मंडईच्या ऑफिसातला माणूस येऊन सांगून गेलाय. मार्चअखेर टपरी उघडली नाही तर जागा दुसऱ्याला. चाळीस वर्षं मी त्या जागेवर बटणं, हुक, रिळं आणि इलॅस्टिक विकलं. तुझी आई गेल्यावर तू शाळेतून थेट तिथेच यायचीस, माझ्या पायाशी बसून पाटीवर आकडे गिरवायचीस. तुझा बाप छापखान्यातून घरी बसला त्याला सहा महिने झाले, पण टपरीवर एक दिवस बसायला नको. बटणं विकणं बायकांचं काम, असं त्याच्या मनात आहे. तोंडाने म्हणत नाही. तोंडाने तो फक्त 'बघू' म्हणतो.

टेबलाचंही तेच. म्हणे फार जुनं आहे, किमती आहे, नीट करतो, विकतो, मग खोली मोकळी. कधी, म्हटलं तर बघू. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर नाकच दिसेनासं झालंय.

तू त्या लिलावघरात मेलेल्या लोकांचं सामान ओळखून त्यावर चिठ्ठ्या लावतेस. मग हे काय आहे ते ओळखून दे. नाव कळलं की गिऱ्हाईक मिळेल, गिऱ्हाईक मिळालं की दगड जाईल.

फोन करू नकोस. फोन त्याचा, आणि तो कानाशी उभा असतो. पत्र इस्त्रीवाला टाकतो. तो कपडे टेबलावरून माझ्याकडे सरकवतो, मी पत्र त्याच्याकडे सरकवते. दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं, कडीसुद्धा नाही. तुरुंगाला निदान कुलूप तरी असतं.

आजी


१३ जानेवारी

ती. आजीस सा. न.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी लगेच येऊ शकत नाही, इथे एका मोठ्या घराचं सामान आलंय आणि मोजदाद माझ्याकडे आहे.

टेबल ओळखायचं तर तू माझे डोळे हो. आखूड बाजूच्या लाकडावर पितळी पट्टी आहे का बघ. तिच्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं. पट्टी नसेल तर तिची जागा तरी दिसते. मग कडांचे बोल्ट मोज, जुन्या टेबलांना ते कमी असतात. पाटीची जाडी बोटांनी माप. पायांवर आणि सांगाड्यावर सुताराने छिन्नीने खुणा केलेल्या असतात, त्याही शोध. ज्या खुणा उमटत नाहीत त्यांच्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिल आडवी घास, म्हणजे नक्षी कागदावर येईल. लहानपणी मी नाण्यांवर करायचे तसं.

आणि आजी, घाई करू नकोस. चुकीचं पॉलिश लागलं, नाहीतर कापड घाईत ताणलं, तर टेबलाची किंमत निम्मी होते. बाबांना सावकाश करू दे. तुझं हाडही अजून कच्चं आहे. घरात ऊब आहे, सगळं हाताशी आहे. थोडी विश्रांती घेतलीस तर काय बिघडलं?

तुझी,
टिचबटण


२ फेब्रुवारी

विश्रांती म्हणे. माझ्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीवर एक पाइप. पाइपाला तीन ठिकाणी गंज चढलाय. महिन्यात माझी आणि त्याची एवढी ओळख झाली की उद्या त्याने मला हाक मारली तर मी ओ देईन. रस्त्याकडची खिडकी टेबलाच्या पलीकडे. रस्त्यावर भांडण झालं तरी मला नुसता आवाज येतो, कोण कोणाला काय म्हणालं ते कळत नाही. भांडण ऐकू यावं आणि दिसू नये, ही शिक्षा कोणाला देऊ नये.

अनेक आशीर्वाद. आता तुझं काम.

पितळी पट्टी नाही. दोन स्क्रूंची भोकं आहेत आणि त्यांच्यामध्ये लाकूड फिकट राहिलंय, बोटभर उंच आणि वीतभर रुंद. कोणीतरी नाव काढून घेतलंय. एका कडेला तीन बोल्ट. पाटी माझ्या अंगठ्याच्या पेराहून थोडी जाड. लाकूड तांबूस, वजनाला लोखंड, आणि ओल्या फडक्याने पुसलं की जुन्या कपाटासारखा वास सुटतो. कडेचं रबर दगड झालंय, नख रुतत नाही. वरची हिरवी बनात कसरीने खाल्ली आहे, पण माल अस्सल लोकरीचा. चाळीस वर्षं कापड चिमटीत धरून सांगितलंय, हे मला विचारायला नको. एका अंगाने हात फिरवला की मऊ, उलट्या अंगाने खरखरीत. तुझ्या बापाला ते माहीतच नव्हतं. मी म्हटलं, नवी बनात ताणताना लव एकाच दिशेला जाऊ दे, नाहीतर गोळा हवा तिथे जाणार नाही. त्याने असं बघितलं जसं मी जन्मभर हेच खेळत आले.

पायांवर खुणा सापडल्या. स्टुलावर बसून टेबलाखाली बॅटरी मारली. प्रत्येक पायावर छिन्नीच्या चिरा आहेत, एकाला एक, दुसऱ्याला दोन, अशा सहापर्यंत. वर सांगाड्यावरही तशाच. कागद घासून काढले, सोबत पाठवते. एक गंमत बघ. दोन चिरांचा पाय पाच चिरांच्या जागी बसवलाय आणि पाचाचा दोनाच्या. मी तुझ्या बापाला दाखवलं. म्हणाला, असेल काहीतरी, बघू.

टेबल सपाट होत नाही ते नाहीच. तो पाणसळ ठेवतो, बुडबुडा एका टोकाला पळतो. पायाखाली पुठ्ठा सरकवतो, बुडबुडा दुसऱ्या टोकाला. परत पुठ्ठा काढतो. पाट्या अजून नुसत्या ठेवल्यात, आवळलेल्या नाहीत, कारण सपाट झाल्याशिवाय आवळायच्या नाहीत. सपाट होत नाहीत म्हणून बनात नाही, बनात नाही म्हणून विक्री नाही, विक्री नाही म्हणून मी पाइप बघते आहे.

आता खरं ते लिहिते. त्याने मला काम लावलंय. सहा भोकांना खाली जाळ्या असतात, गोळे पडायला. त्या फाटून लोंबत होत्या. एक दिवस माझ्यासमोर ठेवून म्हणाला, आई, हे तुझ्याच हाताचं काम आहे. मी म्हटलं, मी तुझ्या दगडाला हात लावणार नाही. आणि संध्याकाळी क्रोशाची सुई हातात. जाड दोरा, दुहेरी गाठ, गोळा पडला तरी तुटणार नाही अशी वीण. चार झाल्या. काल सकाळी उठले तर टपरी आठवायच्या आधी पाचवी जाळी आठवली. मला माझाच राग आला. दगडाखाली हात सापडला तर माणूस ओरडतो, मी त्याच हाताने विणत बसले आहे.

मार्च जवळ येतोय. काय आहे ते लवकर सांग.

आजी


१६ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न.

तुझे कागद मी आमच्याकडच्या जाणकारांना दाखवले. सगळ्यांनी आधी विचारलं की हे घासून कोणी काढलं, इतकं स्वच्छ आलंय.

तर ऐक. कडेला तीनच बोल्ट, पाटी तीन तुकड्यांत, पाय हाताने बसवलेले, म्हणजे टेबल शंभर वर्षांच्या आसपासचं. पट्टी गेल्यामुळे बनवणाऱ्याचं नाव ठामपणे सांगता येणार नाही. पायांच्या घडणीवरून एखाद्या लहान कारखान्याचं वाटतं, वर्षाला मोजकीच टेबलं बनवणाऱ्या. फार दुर्मीळ नाही, पण प्रामाणिक वस्तू आहे. घाईने विकायची तर बिलकूल नाही.

बनात मी इथून मागवून देते, चांगल्या विणीची हवी, तिला वेळ लागेल. कडेचं रबर नवंच टाकावं लागेल, त्यालाही वेळ. मधल्या पाटीच्या कोपऱ्याचा टवका मात्र घरीच भरता येतो, प्लॅस्टरमध्ये थोडं मेण कालवून. बाबांना सांग.

जाळ्या सहाही तूच कर. जुन्या टेबलाला हाताची जाळी शोभते. टपरीचं मनाला लावून घेऊ नकोस. चाळीस वर्षं बसलीस, पुष्कळ झालं, असं मला कधीकधी वाटतं. रागावू नकोस.

तुझी,
टिचबटण


२४ मार्च

पान भरून तू मला शंभर वर्षांचं सांगितलंस, आणि दोन चिरांचा पाय पाचाच्या जागी का, एवढं एकच सोडलंस. मी बटणं विकते. गिऱ्हाईक सगळ्या डब्यांत हात घालतं आणि एकाच डब्याला लावत नाही, तेव्हा चोरी त्या डब्यात असते.

आशीर्वाद आहेत. ते काही मी परत घेत नाही. पण आता पूर्ण वाच.

परवा तुझा बाप तुझी बनात सोडवायला मालधक्क्यावर गेला. इस्त्रीवाल्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तो मंडईतल्या मुकादमाला घेऊन आला, त्याच्याबरोबर त्याचे तीन हमाल. हेच लोक जानेवारीत पाट्या वर घेऊन आले होते. मुकादमाने वॉकरकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला, आम्हाला काय माहीत मावशी, तुम्ही ह्याच्या पलीकडे राहता. मी म्हटलं, आता माहीत झालं, उचला.

पाट्या नुसत्या ठेवलेल्याच होत्या. एकेक उचलून भिंतीला टेकवली. मधली पाटी उभी केली आणि तिची खालची बाजू माझ्यासमोर आली. कोपऱ्याला टवका होता. जुना, कडा मळलेल्या. अगं, हा टवका खालच्या अंगाला आहे. पाटी उचलल्याशिवाय तो ह्या घरात कोणाला दिसणं शक्य नव्हतं. मी तुला त्याचं कधी लिहिलं होतं?

आणि टवक्याच्या शेजारी खडूने आकडा होता. दोनशे नव्व्याण्णव. दोन्ही नऊंची शेपटं खाली सोडायची तर वर वळवून गोल मिटलेली. असा नऊ जगात दोनच माणसं काढतात. एक मी, कारण मला दुसरीतून काढलं आणि पुढे कोणी सुधारलं नाही. आणि दुसरी तू, कारण मी शिकवलं. माझ्या पायाशी बसून पाटीवर काढायचीस, आता तू दाराएवढ्या पाटीवर काढून माझ्या पायात आडवी घातलीस.

तुझ्या लिलावघरातलं टेबल. तू निवडलंस, तू पाठवलंस, आणि मग मलाच पत्र लिहून विचारलंस, आजी, पट्टी आहे का बघ. शिसपेन्सिल घासून घेतलीस माझ्याकडून. मला राग आला, पण त्याहून जास्त कौतुक वाटलं, ते मात्र तुला सांगणार नव्हते. आता लिहून झालं.

पाट्या निघाल्या तसा मुकादमाने सांगाडाही कडेला घेतला. मधली खोली मोकळी झाली. मी वॉकर घेऊन निघाले. रस्त्याकडच्या खिडकीपाशी थांबलेसुद्धा नाही, सरळ दार ओढलं आणि बाहेर आले. जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले.

दोन जिने तेच आहेत. तोच कठडा, तीच खालून येणारी सायकलच्या तेलाची घाण. वॉकर पायरीवर ठेवता येत नाही, तो नुसता हवेत लोंबतो. मी तो बाजूला ठेवला आणि कठडा धरला. पाय पुढे टाक म्हटलं. पाय टाकेना. दुखत नव्हता, तसं असतं तर मी टाकला असता. तो जणू माझा नव्हताच. किती वेळ उभी होते ते मोजलं नाही. मुकादम मागे येऊन हळूच म्हणाला, मावशी, खुर्चीत बसा, आम्ही चौघं खाली नेतो, टपरीपर्यंत नेतो. मी म्हटलं, आज न्याल, उद्या न्याल, परवा तुमच्या पाठीवर गिऱ्हाइकाची पोती असतील. मी पाटी नाही, एकदा वर चढवली की संपली. मला रोज उतरायचं आणि रोज चढायचं.

मग मी वळले आणि त्यांना म्हटलं, टेबल परत लावा. होतं तिथेच लावा. पण पाय खुणेप्रमाणे.

दोनाचा दोनात, पाचाचा पाचात. खाच खाचेत बसताना आवाज आला, चांगलं टिचबटण लागतं ना, तसा. पाट्या ठेवल्या, पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध. पुठ्ठा नाही, काही नाही. तीन महिने माझ्यासमोर जे नाटक चाललं होतं ते बिड्या ओढत चार हमालांनी दुपारी संपवलं. लावताना मुकादमाने टेबल चार बोटं भिंतीकडे सरकवलं. आता वॉकर जातो. तेवढी जागा पहिल्यापासून होती.

तुझा बाप संध्याकाळी बनातीची गुंडाळी खांद्यावर घेऊन आला. दारातच थांबला. पाणसळ टेबलावर तशीच होती.

"पाय कोणी बदलले?"

"मी बदलायला लावले. तुला खुणा दिसत नव्हत्या?"

"दिसत होत्या."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

त्याने बनात खाली ठेवली, जमिनीवर ठेवू नये एवढंही भान नव्हतं. मग म्हणाला, मी धावत आलो तेव्हा तू रस्त्यात पडली होतीस आणि जमलेल्या लोकांना सांगत होतीस की मला नंतर उचला, आधी बटणं वेचा. मी गुडघ्यावर बसून बटणं वेचत होतो, आई. मोटारी अंगाला घासून जात होत्या. तुला जाऊ नकोस म्हटलं असतं तर तू थांबली असतीस?

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, मग.

मी बनात उचलली, झटकली, आणि लव कुठल्या बाजूने घ्यायची ते त्याला दाखवलं.

तर तुम्ही दोघांनी मिळून मला कोंडलंत. तू वस्तू शोधलीस, त्याने पाय चुकवले, आणि दोघांना वाटलं म्हातारी विणत बसेल. बसली. सहावी जाळी काल झाली. टेबल विकायचं नाही. ते तिथेच राहील. मी बाहेर जायचं सोडलं ते ह्या टेबलामुळे, असं घरात सगळ्यांनी समजायचं. जिन्याच्या तोंडाशी काय झालं ते मुकादमाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि आता तुला. बापाला कळता कामा नये. त्याने दगड आणून मला अडवलं, एवढं श्रेय त्याला असू दे. आयुष्यात त्याने पहिल्यांदा एवढं जड काही केलं आहे.

पण टपरीचं वेगळं. मला बसवलंत, चांगलं केलंत. मग माझ्या जागी कोणीतरी बसायला हवं. मार्चअखेर मंडईचा माणूस येईल आणि दारात उभा राहून विचारेल, टपरीवर कोण बसणार. मी माझ्या खोलीत असेन. मी बोलणार नाही.

आता तू फोन कर. त्यालाच कर, मी कानाशी उभी राहते, वॉकर आता तिथपर्यंत जातो. त्याला सांग, बटणं वेचता येतात तर विकताही येतात, टिचबटणाचे डबे डावीकडे, हुक उजवीकडे, इलॅस्टिक हाताने मोजायचं, ताणून नाही. एवढं सांग आणि फोन ठेव. त्याच्या वतीने तू हो म्हणायचं नाहीस, मला गोड पत्र लिहायचं नाहीस. मंडईच्या माणसाला उत्तर तुझ्या बापाने द्यायचं, स्वतःच्या तोंडाने, आणि ते 'बघू' नसलं पाहिजे.

आजी